सायकलींच्या घोळक्यात मुलगी आणि शेजारी पोलीस

प्रश्न : वकीलबाई, माझी मुलगी लंडनला एम.एस्सी. करते आहे. दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी ती ‘क्रिटिकल मास’ नावाच्या सायकलफेरीला जाते. शेकडो सायकली, परवानगी नाही, पुढारी नाही, जायचं कुठे ते कुणालाच ठाऊक नाही, असं तीच हसत हसत सांगते. परवा पाठवलेल्या फोटोत तिच्या अगदी बाजूला सायकलवर पोलीस दिसला आणि माझी झोप उडाली. पकडलं तर व्हिसाचं काय? हिचे बाबा म्हणतात, अमेरिकेत अशाच फेरीत पोलिसाने एकाला सायकलवरून ढकलून पाडलं होतं. जाऊ नकोस म्हणून सांगू का तिला?
— एक आई, ठाणे

उत्तर : सांगून बघा, पण ती ऐकेल असं मला वाटत नाही. त्यापेक्षा जायचंच तर नीट माहिती घेऊन जा, हे तिला जास्त पटेल.

आधी त्या फोटोबद्दल. ही फेरी १९९२ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली आणि १९९४ च्या एप्रिलपासून लंडनमध्ये निघते. जमायची जागा ठरलेली, थेम्सच्या दक्षिण काठावर नॅशनल थिएटरजवळ, वॉटर्लू पुलाखाली. तिथून पुढे असणारे जिकडे वळतील तिकडे बाकीचे. पहिली कित्येक वर्षं पोलीसही सायकली घेऊन सोबत असत आणि कुणाचं काही बिघडत नसे. तेव्हा शेजारी पोलीस दिसला म्हणजे संकट आलं असं मुळीच नाही.

बिनसलं २००५ च्या सप्टेंबरात. पोलिसांनी जमलेल्या लोकांच्या हातात एक पत्रक ठेवलं. आगाऊ सूचना न दिल्यामुळे ही फेरी बेकायदा आहे, भाग घेतलात तर खटला होऊ शकतो, असा त्याचा मतलब. आधार होता १९८६ च्या पब्लिक ऑर्डर अ‍ॅक्टच्या कलम ११ चा. मिरवणूक काढायची तर किमान सहा दिवस आधी पोलिसांना लेखी कळवा आणि त्यात तारीख, वेळ, मार्ग आणि आयोजकाचं नाव-पत्ता द्या, असं ते कलम सांगतं. इथे एक लक्षात घ्या. कळवायचं आहे, परवानगी मागायची नाही. आपल्याकडचे वाचक या दोन गोष्टींची हमखास गल्लत करतात आणि खरं सांगायचं तर आपल्याकडचे काही अधिकारीही करतात.

डेस के नावाचे नेहमी फेरीला येणारे गृहस्थ या पत्रकाविरुद्ध कोर्टात गेले. त्याच कलमात एक सूट आहे. त्या भागात रूढीने, नेहमी निघणाऱ्या मिरवणुकीला सूचनेची गरज नाही. पोलिसांचं म्हणणं असं, की मार्ग दर महिन्याला वेगळा, म्हणजे दर महिन्याला नवी मिरवणूक, मग रूढी कसली? आपल्या पालखीचा मार्ग आणि मुक्काम वर्षानुवर्षं ठरलेले, तिथे हा वाद उभाच राहिला नसता. २००६ मध्ये हायकोर्टाने के यांच्या बाजूने निकाल दिला, २००७ मध्ये अपील कोर्टाने पोलिसांच्या बाजूने. अखेर २६ नोव्हेंबर २००८ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, एकमताने के यांना न्याय दिला. तोच वार, तीच वेळ, तीच जमायची जागा आणि तेच नाव, एवढं सातत्य असेल तर ती रूढीची मिरवणूक. मार्ग बदलला म्हणून बिघडत नाही. शिवाय ज्या फेरीचा मार्ग आधी ठरतच नाही, त्या मार्गाची सूचना द्यायची तरी कुणी आणि कशी, हा प्रश्नही न्यायमूर्तींना पडलाच. मी तो निकाल सवडीने वाचला आणि पोलिसांची अडचणही समजली. पत्र लिहायला समोर माणूसच नाही! संघटना असती तर अध्यक्षाला बोलावून चहा पाजून मिटवता आलं असतं.

पण त्या निकालाने त्याच कायद्याच्या कलम १२ ला हात लावलेला नाही, आणि मुलीला सांगायचं ते हेच. गंभीर गोंधळ किंवा लोकांच्या व्यवहारात गंभीर अडथळा होईल असं रास्तपणे वाटलं, तर वरिष्ठ पोलीस अधिकारी चालू फेरीवरही अटी घालू शकतो. २७ जुलै २०१२ हा महिन्याचा शेवटचा शुक्रवार होता आणि त्याच रात्री लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन. फेरीने थेम्सच्या उत्तरेला जायचं नाही, अशी अट पोलिसांनी घातली. बरेच जण पूल ओलांडून गेले आणि १८२ जणांना अटक झाली. खटले मोजक्यांवरच झाले, पण रात्र कोठडीत जायची ती गेलीच. २०२२ च्या कायद्याने तर हे कलम आणखी कडक झालं. अट ठाऊक असायला हवी होती एवढं दिसलं तरी गुन्हा होतो, ‘मला ऐकूच आलं नाही’ ही सबब पूर्वीसारखी चालत नाही. त्या फेरीत कुणाच्या ना कुणाच्या सायकलमागे गाड्यावर भलामोठा स्पीकर वाजत असतो. तेव्हा पोलीस हातात कागद घेऊन किंवा भोंग्यावरून काही सांगू लागले, की थांबून ऐकायचं, आणि पटत नसेल तर तिथूनच घरी वळायचं.

दुसरं म्हणजे आडव्या रस्त्यांचं. घोळका जाईपर्यंत काही जण बाजूच्या रस्त्याच्या तोंडाशी सायकल आडवी लावून गाड्या अडवतात. सिग्नल लाल झाला तरी घोळका तुटू नये म्हणून. मध्येच मोटारी घुसल्या तर धोका वाढतो, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. तरीही मला ते पटत नाही. वाहतूक अडवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? भांडणं बहुतेक तिथेच पेटतात, आणि बसमधल्या दमलेल्या माणसाला सायकलीबद्दल प्रेम वाटायचं तर ते तिथेच संपतं. तुमच्या लेकीने घोळक्याच्या मध्ये राहावं, आडवी सायकल लावणाऱ्यांत नको. अंधार पडला की पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच, त्यावरूनही तिथे दंड होतो.

व्हिसाबद्दल : नुसती अटक म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे. कोर्टात दोषी ठरलं तर मात्र पुढच्या प्रत्येक अर्जात ते सांगावं लागतं, आणि लपवणं हे मूळ गुन्ह्यापेक्षा महागात पडतं. बेपर्वाईने सायकल चालवल्याचा ठपका असेल तर नाव-पत्ता सांगणं बंधनकारक आहे. बाकी गप्प राहता येतं. पोलीस ठाण्यात नेलंच, तर तिथे वकील फुकट मिळतो. तो मागायचा आणि तो येईपर्यंत इंग्रजी झाडायचं नाही.

हिच्या बाबांची आठवण बरोबर आहे. २००८ च्या जुलैमधली न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरची ती घटना. सायकलस्वारच अंगावर आला, असं त्या पोलिसाने कागदावर लिहिलं. एका बघ्याच्या व्हिडिओत मात्र पोलीस चार पावलं चालून जाऊन त्याला ढकलताना दिसला. सायकलस्वारावरचे आरोप मागे घेतले गेले, पोलिसाची नोकरी गेली आणि २०१० मध्ये खोटी फिर्याद लिहिल्याबद्दल तो दोषी ठरला. मारहाणीच्या आरोपातून मात्र सुटला.

प्रश्न : आम्ही पंधरा-वीस जण रविवारी पहाटे पुण्याहून खंबाटकी घाटापर्यंत सायकलने जातो. मागच्या महिन्यात एका नाक्यावर थांबवलं. “रॅली काढलीय का? परवानगी कुठाय?” काढायला किल्ली नव्हती म्हणून एका सायकलच्या चाकातली हवाच सोडली. हे कायद्यात बसतं का?
— एक सायकलवाला, सिंहगड रोड

उत्तर : हवा सोडणं कुठल्याच कायद्यात बसत नाही. सायकल हे मोटार वाहन नसल्याने लायसन, आरसी, पीयूसी यांतलं काहीच तुमच्याकडे मागता येत नाही. पण म्हणून पोलीस काहीच बोलू शकत नाहीत असं समजू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ प्रमाणे वाहतूक आणि मिरवणुकांबाबतची त्यांची वाजवी सूचना पाळावी लागते. शिवाय कलम ३७(३) खाली आयुक्त जमाव आणि मिरवणुकांवर पंधरा दिवसांपर्यंत बंदी घालू शकतात, आणि मोठ्या शहरांत असे आदेश एकामागून एक निघत राहतात. रविवारच्या व्यायामाला ते लावणं मला ओढूनताणून वाटतं. रस्त्यावर जमण्याचं नियमन करता येतं, तो हक्कच काढून घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच हिंमतलाल शहा खटल्यात सांगितलं आहे.

व्यवहाराचं सांगते. सगळ्यांची एकसारखी जर्सी, बॅनर, वर्गणी आणि मागे गाडी असं असेल तर तो कार्यक्रमच झाला. वाहतूक शाखेला आणि पोलीस ठाण्याला आधी अर्ज द्या. तसं नसेल तर सहा-सहांच्या तुकड्या करा, मध्ये अंतर ठेवा. हवेबद्दल वरिष्ठ निरीक्षकांना लेखी तक्रार द्या. तारीख, वेळ आणि नाका लिहा, विशेषणं लिहू नका. तक्रारीची पोच घ्या.

प्रश्न : पहाटे पाचला आम्ही आठ जण वांद्रे-वरळी सागरी सेतूवर सायकली घेऊन चढलो. रस्ता पूर्ण मोकळा होता, तरी पोलिसांनी अडवून सायकली ठेवून घेतल्या. हा अन्याय नाही का?
— एक वाचक, माहीम

उत्तर : नाही. सागरी सेतू, कोस्टल रोड, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, चारही ठिकाणी सायकलला बंदी आहे आणि तसे फलक लावलेले आहेत. पहाट झाली म्हणून बंदी उठत नाही. सायकली ठेवून घेतल्याची पावती दिली का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. दिली नसेल तर आधी ती मागा, मग मला लिहा.