भाषणातून श्रोत्यांना आपलं म्हणणं पटवायचं कसं?

अ‍ॅरिस्टॉटलने तीन वाटा सांगितल्यात: बोलणाऱ्यावरचा विश्वास, श्रोत्यांच्या भावना आणि तर्क. नुसती नावं पाठ करून काही हाती लागत नाही. त्यापेक्षा बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण काढून वाचा.

आरोप होता की संविधानाला फार वेळ लागला. बाबासाहेब चिडत नाहीत, हिशोब मांडतात. अमेरिकेने चार महिन्यांत काम उरकलं खरं, पण त्यांची कलमं सात; आपली ३९५. शिवाय २,४७३ दुरुस्त्या प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. झालं, आरोपातली हवाच गेली!

श्रेयाची वेळ आली की मात्र ते संविधान सभेचे घटनात्मक सल्लागार बी. एन. राव आणि मसुद्याचे मुख्य लेखनकार एस. एन. मुखर्जी यांची नावं घेतात. अशा माणसावर विश्वास बसतोच.

भावनेला हात घालतात तो स्वातंत्र्य टिकेल का, या प्रश्नावर. शिवाजी महाराज लढत होते तेव्हा इतर मराठे सरदार मोगलांच्या बाजूने लढत होते, ही आठवण देऊन विचारतात, इतिहासाची पुनरावृत्ती होणार का?

आपल्याकडचे बरेच वक्ते थेट गहिवरापासूनच सुरू करतात. मला ते पटत नाही. आधी समोरच्याच्या मनातली शंका स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवा, तीही धड, मोडतोड न करता.