अडलेला कंटेनर आणि मोजके दिवस : वाचकांच्या शंका

बनावट ब्रँडचा माल बंदरात कसा अडवतात, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. बहुतेक उत्तरांचा आधार एकच आहे : ‘बौद्धिक संपदा हक्क (आयात माल) अंमलबजावणी नियम, २००७’. पुढे नुसतं ‘नियम’ म्हटलं की हेच समजावं.

प्रश्न : भोसरीत आमचा मोटारींच्या ब्रेक पॅडचा कारखाना आहे. आमच्याच नावाचे, हुबेहूब आमच्याच खोक्यातले पॅड बाजारात निम्म्या किमतीला मिळतात. माल परदेशातून न्हावा शेव्याला उतरतो असं दुकानदार सांगतात. दुकानांवर दोनदा धाड पडली, पण महिन्याभरात माल पुन्हा हजर! बंदरातच अडवता येईल का? खर्च किती?

उत्तर : येईल, पण त्याची तयारी माल यायच्या आधी करायला हवी.

कस्टम्सच्या आइसगेट संकेतस्थळावर बौद्धिक संपदेची वेगळी नोंदणी सुविधा आहे. तिथे अर्ज भरला की आधी तात्पुरता क्रमांक (यूटीआरएन) मिळतो आणि अर्ज मंजूर झाल्यावर कायमचा (यूपीआरएन). शुल्क २,००० रुपये. अर्ज एकाच ठिकाणी करून त्यात हवी ती बंदरं आणि विमानतळ निवडता येतात. केवळ न्हावा शेवा निवडून थांबू नका. एक दार बंद झालं की माल मुंद्रा, चेन्नई किंवा सहारच्या एअर कार्गोकडे वळतो. अर्ज पूर्ण असेल तर आयुक्तांनी ३० कामकाजी दिवसांत मंजुरी किंवा नकार कळवायचा असतो. कागद अपुरे असतील तर ते पुरवायला १५ दिवस मिळतात. नोंदणीची मुदत किमान एक वर्ष असते. तुम्हीच कमी मागितली, तर गोष्ट वेगळी.

सोबत ट्रेडमार्क नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं. नुसता अर्ज केलेला, ‘टीएम’ लिहिलेला मार्क इथे चालत नाही. घोळ बहुधा इथेच होतो. ब्रेक पॅड ट्रेडमार्कच्या १२ व्या वर्गात येतात, आणि तुमची नोंदणी दुसऱ्याच वर्गात असेल तर अधिकाऱ्याच्या हाती काही राहत नाही. कारखाना वडिलांच्या नावाच्या प्रोप्रायटरीतून प्रायव्हेट लिमिटेडमध्ये गेला, पण प्रमाणपत्रावर जुनंच नाव राहिलं, हेही नेहमीचं. दहा वर्षांनी करायचं नूतनीकरण तर सर्रास राहून जातं. आधी हे निस्तरा.

अर्जाचा जीव मात्र ओळखपत्रिकेत असतो. खरा आणि खोटा पॅड शेजारी ठेवून काढलेले फोटो, मागच्या लोखंडी पट्टीवरचा ठसा, खोक्याची छपाई, बॅच क्रमांक लिहायची तुमची पद्धत, होलोग्राम असेल तर तो, हे सगळं दोन-तीन पानांत बसवा. बंदराच्या तपासणी शेडमध्ये उभ्या असलेल्या तपासनिसाला पाच मिनिटांत फरक दिसला पाहिजे. चाळीस पानी कायदेशीर निवेदन त्याच्या उपयोगाचं नाही. शुल्क शीर्षकं (आयात शुल्कासाठी मालाला दिलेले वर्गीकरण क्रमांक) दोन्ही द्या : जोडणी झालेले पॅड ८७०८ ३० मध्ये येतात, तर पट्टीवर न बसवलेलं घर्षण साहित्य ६८१३ मध्ये दाखवता येतं. एकच शीर्षक दिलं तर दुसऱ्यातून माल निसटतो. बिनछापाचे पॅड एका कंटेनरमध्ये आणि छापील खोकी दुसऱ्यात, ही युक्तीही जुनीच. म्हणून खोकी आणि स्टिकर यांचाही उल्लेख करा, आणि खोक्यावरच्या चित्रकामाची कॉपीराइट नोंदणी असेल तर तीही जोडा.

अधिकृत आयातदारांची यादी द्यायला विसरू नका. तुम्ही स्वतः किंवा तुमचा एखादा परवानाधारक बाहेरून माल आणत असेल आणि त्याचं नाव यादीत नसेल, तर पहिला अडेल तो तुमचाच कंटेनर.

आता खर्च. नोंदणीच्या वेळी सर्वसाधारण बाँड (पैशाची लेखी हमी) आणि हमीपत्र द्यावं लागतं. खरी रक्कम लागते ती कंटेनर अडल्यावर. तेव्हा मालाच्या किमतीच्या ११० टक्क्यांचा बाँड आणि बाँडच्या २५ टक्के तारण द्यायचं. माल २० लाखांचा असेल तर बाँड २२ लाखांचा आणि तारण साडेपाच लाखांचं, बँक गॅरंटी किंवा मुदत ठेवीच्या रूपात. आणि हे तीन दिवसांत! बँक गॅरंटी तीन दिवसांत नव्याने उभी राहत नाही, म्हणून बँकेशी मर्यादा आधीच ठरवून ठेवा. शिवाय माल अडल्यापासून १० कामकाजी दिवसांत तुम्ही कार्यवाहीत सामील झाला पाहिजेत, म्हणजे नमुना पाहून तो बनावट का, हे लेखी कळवलं पाहिजे. योग्य कारण दिलं तर आणखी १० दिवस मिळू शकतात. दिवस उलटले आणि बाकी अडचण नसेल तर माल सोडला जातो, मग तो कितीही उघड खोटा असो. अर्जात दिलेला ईमेल सोडून गेलेल्या मॅनेजरचा असल्याने सूचना कुणी वाचलीच नाही, अशाने कित्येक केस हातच्या जातात.

नोंदणी नसतानाही सहायक किंवा उपायुक्त स्वतःहून माल अडवू शकतात. पण मग तुम्हाला अर्ज आणि बाँडची पूर्तता पाच दिवसांत करावी लागते. तेवढ्यात ते जमवणं जवळपास अशक्य असतं.

शेवटी माल नष्ट करण्याचा खर्च, डेमरेज (माल पडून राहिल्याचं भाडं) आणि डिटेन्शन (कंटेनर अडकून राहिल्याचं भाडं) हेही हक्कधारकाच्या, म्हणजे तुमच्याच माथी. हे ऐकून अनेक जण माघार घेतात. पण वीस दुकानांवर वर्षभर धाडी घालण्यापेक्षा एक कंटेनर अडवणं स्वस्त पडतं, असं आमचं मत आहे.

प्रश्न : मी मशीद बंदरचा घाऊक व्यापारी. मोबाईल कव्हरचा कंटेनर मागवला. तपासणीत चार खोक्यांत मोठ्या कंपनीच्या लोगोची कव्हर निघाली आणि अख्खा कंटेनर सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर तळावर) पडून आहे. ते मी मागवलेच नव्हते. माल परत पाठवून मोकळं होता येईल का?

उत्तर : लोगोचा माल परत पाठवता येणार नाही. नियम ११ नुसार हक्कभंग करणारा माल आहे त्या स्थितीत पुन्हा निर्यात करू देत नाहीत. नाहीतर तोच कंटेनर दुसऱ्या बंदरात उतरला असता. ‘लोगो खरवडून देतो’ हेही सहसा ऐकून घेत नाहीत.

आधी अडवल्याची कारणं लेखी मागा. ती तुम्हाला आणि हक्कधारकाला ताबडतोब कळवणं बंधनकारक आहे. नियम ८ प्रमाणे तुम्हालाही माल पाहण्याचा आणि नमुना मिळण्याचा हक्क आहे. दुसरं, चार खोकी पंचनाम्यात वेगळी काढून उरलेला माल सोडावा, असा अर्ज कस्टम्स ब्रोकरमार्फत लगेच द्या. पॅकिंग लिस्टमध्ये खोक्यागणिक तपशील असेल तर हे सोपं जातं. ‘असॉर्टेड’ लिहून तीनशे खोकी एका ओळीत उरकली असतील तर प्रत्येक खोकं उघडेपर्यंत थांबावं लागेल. तिसरं, खरेदीची ऑर्डर आणि पुरवठादाराशी झालेला पत्रव्यवहार सादर करा. लोगोचा माल तुम्ही मागवला नव्हता, हे त्यातूनच दिसेल, आणि दंड ठरवताना त्याचा उपयोग होतो. ऑर्डरऐवजी फक्त व्हॉट्सअॅपवरचे फोटो असतील आणि त्यात लोगो दिसत असेल, तर मात्र तुमचं म्हणणं टिकणार नाही.

भाडं वाढत असेल तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम ४९ खाली माल गोदामात हलवण्याची परवानगी मागा. तसंच कस्टम्सने अडवलेल्या मालावर सीएफएसने भाडं आकारू नये, अशी तरतूद २००९ च्या कार्गो हाताळणी विनियमांत आहे. त्यासाठी कस्टम्सकडून डिटेन्शन सर्टिफिकेट घ्या. शिपिंग लाइनशी मात्र वेगळं भांडावं लागतं.

हक्कधारक सामील झाला की माल कलम ११० खाली जप्त होतो, कारणे दाखवा नोटीस येते, सुनावणी होते. बनावट ठरल्यास कलम १११(डी) खाली तो सरकारजमा होतो, आणि कलम ११२ खाली मालाच्या किमतीइतका किंवा ५,००० रुपये, यांपैकी जो जास्त असेल तिथपर्यंत दंड होऊ शकतो. आदेशाविरुद्ध आयुक्त (अपील) यांच्याकडे ६० दिवसांत जाता येतं. दंडाच्या साडेसात टक्के रक्कम आधी भरावी लागते. ट्रेडमार्क कायद्यातली फौजदारी कलमं याहून वेगळी. म्हणून पुढच्या ऑर्डरमध्ये ‘कोणत्याही कंपनीचं नाव वा चिन्ह नको’ ही ओळ घाला आणि माल भरण्यापूर्वी तिथल्या तिथे तपासणी करून घ्या.

प्रश्न : दुबईतल्या घाऊक बाजारातून नामांकित कंपनीचे अस्सल परफ्युम आणतो. इथला अधिकृत वितरक म्हणतो की हे बेकायदा आहे, कस्टम्सला कळवीन. खरं आहे का?

उत्तर : माल अस्सल असेल आणि कंपनीच्याच संमतीने बाजारात आलेला असेल, तर ट्रेडमार्कच्या नावाखाली तो अडवणं अवघड आहे. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३०(३) मध्ये कायदेशीरपणे विकत घेतलेल्या मालाच्या पुढच्या विक्रीला मोकळीक आहे. बाहेरच्या देशातली खरेदीही त्यात धरली जाते, असं दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सॅमसंगच्या खटल्यात २०१२ मध्ये म्हटलं. त्याच वर्षी ८ मे रोजी केंद्रीय उत्पादन व सीमाशुल्क मंडळाने अशा समांतर आयातीबद्दल परिपत्रक काढून सर्व कस्टम हाउसना खुलासा केला. त्याची प्रत ब्रोकरकडे असू द्या. मात्र मालाच्या स्थितीत बदल केला असेल, उदाहरणार्थ बॅच क्रमांक खरवडला किंवा टेस्टरची बाटली नव्या खोक्यात घातली, तर कलम ३०(४) खाली कंपनी हरकत घेऊ शकते. आणि घेतेच. दुबईच्या घाऊक बाजारात नंबर खरवडलेला माल स्वस्तात मिळतो, त्यामागचं कारण हेच.

तुमची खरी अडचण दुसरीकडे आहे. परफ्युम हे सौंदर्यप्रसाधन धरलं जातं, त्यामुळे सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० खालची आयात नोंदणी लागते. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, निव्वळ प्रमाण हेही हवं. वितरकाची तक्रार फेटाळली गेली तरी कंटेनर या कागदांवाचून अडतो.

प्रश्न : ठिबक सिंचनाच्या व्हॉल्व्हवर माझं पेटंट आहे. कस्टम्समध्ये नोंदवायला गेलो तर अर्जच घेतला नाही. — सांगली

उत्तर : बरोबर केलं. २२ जून २०१८ च्या दुरुस्तीने पेटंट या नियमांतून वगळलं गेलं. आता ट्रेडमार्क, कॉपीराइट, डिझाइन आणि भौगोलिक मानांकन एवढंच राहिलं. खोटा लोगो डोळ्याला दिसतो. पेटंटचा भंग झाला की नाही, हे ठरवायला पेटंटच्या कागदातले दावे (क्लेम) वाचून यंत्र उघडावं लागतं, आणि ते काम शेडमधल्या अधिकाऱ्याचं नव्हे. पूर्वी दोन सिमकार्डांच्या फोनवरच्या एका पेटंटच्या नोंदणीपायी अनेक आयातदारांचे फोन अडकले होते. ते पेटंटच पुढे रद्द झालं. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत : न्यायालयातून मनाई हुकूम मिळवून तो आयुक्तांना देणं, किंवा व्हॉल्व्हचा बाह्य आकार वेगळा असेल आणि त्याची डिझाइन नोंदणी असेल तर तिच्या जोरावर अर्ज करणं. डिझाइनची नोंदणी मात्र वस्तू बाजारात आणण्यापूर्वी झालेली हवी.

प्रश्न : बँकॉकहून येताना स्वतःसाठी एक नकली घड्याळ आणलं तर?

उत्तर : प्रवाशाच्या सामानातल्या किंवा छोट्या पार्सलमधल्या, विक्रीसाठी नसलेल्या वस्तूंना नियम १२ ने या नियमांतून वगळलं आहे. एक घड्याळ त्यात बसतं. डझनभर घड्याळं ‘भावकीत वाटायला’ म्हणून बसत नाहीत. ती वेगवेगळ्या पत्त्यांवर पार्सलने मागवली तरी नाहीत.

प्रश्न : रेक्झिनच्या चपला बाहेरून आणून ‘कोल्हापुरी’ म्हणून विकतात. आम्ही कारागिरांनी नोंदणी करावी का? — कोल्हापूर

उत्तर : कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन २०१९ पासून आहे. त्याचे नोंदणीकृत मालक महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं चर्मोद्योग महामंडळ ‘लिडकर’ हे आहेत. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. कस्टम्सकडे अर्ज मालकाने करायचा, किंवा मालकाने अधिकार दिलेल्या संस्थेने. तुमच्या संघाने महामंडळाकडून तसं अधिकारपत्र मागावं. बाँडची रक्कम कोण भरणार, हेही त्याच पत्रात ठरवून घ्या. नाहीतर कंटेनर अडल्यावर तीन दिवस त्याच चर्चेत जातील.

एक लक्षात ठेवा : मानांकन नावाला आहे, घाटाला नाही. तसाच अंगठा आणि तशीच वेणी असलेली रेक्झिनची चप्पल ‘एथनिक सँडल’ म्हणून आली तर या मानांकनाच्या आधारे ती अडवता येणार नाही. इन्व्हॉइसवर, खोक्यावर किंवा तळव्याच्या छापावर ‘कोल्हापुरी’ असेल तरच ती अडेल. म्हणून ओळखपत्रिकेत कातड्याच्या शिवणीच्या फोटोंबरोबर या नावाची रोमन लिपीत होणारी निरनिराळी स्पेलिंगं आवर्जून द्या. बिल ऑफ एन्ट्री (आयातदाराने कस्टम्सला द्यायचं मालाचं विवरण) इंग्रजीत असते, आणि संगणकावरचा शोध अक्षरं जुळली तरच लागतो.