नोव्हेंबरमध्ये व्हेनिसला जावं का?

तुम्ही विचारलंय की नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याचं विमानाचं तिकीट स्वस्त मिळतंय, पण तेव्हा व्हेनिसमध्ये पाणी भरतं म्हणे, मग मे महिन्यापर्यंत थांबावं का. माझं स्पष्ट मत, थांबू नका. मी आईला घेऊन नेमकी त्याच आठवड्यात गेले होते.

आधी पाण्याचं बोलू. ते पुराचं नव्हे, उधाणाचं पाणी. कोकणातल्या माणसाला लगेच कळेल. अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती आणि त्यात एड्रियाटिक समुद्रावर दक्षिणेचा वारा सुटला, की खाडीत पाणी कोंडून चढतं आणि काही तासांत ओसरतं. १२ नोव्हेंबर २०१९ ला भरतीची पातळी (गल्लीतली खोली नव्हे) १८७ सेंटीमीटरपर्यंत गेली होती, १९६६ नंतरची सगळ्यात जास्त. पण ऑक्टोबर २०२० पासून खाडीच्या तिन्ही मुखांवर 'मोसे'चे पोलादी दरवाजे उभे करतात, साधारण ११० सेंटीमीटरचा अंदाज असला की. त्याहून कमी भरतीला सेंट मार्क चौकासारख्या सखल जागी घोटाभर पाणी येऊ शकतं. तेव्हा फळ्यांच्या उंच वाटा मांडतात. गमबूट इथून वाहून नेऊ नका, तिथे मिळतात.

आता खरं कारण. २१ नोव्हेंबर तुमच्या तारखांत बसवाच. १६३० च्या प्लेगमध्ये शहरातली जवळपास तिसरा हिस्सा माणसं गेली, तेव्हा तिथल्या राज्यकर्त्यांनी मेरीमातेला नवस बोलला: साथ हटू दे, तुझं मंदिर बांधू. तेच सांता मारिया देल्ला सालूते, ग्रँड कॅनाल या शहरातल्या मुख्य कालव्याच्या तोंडावरचं पांढऱ्या घुमटाचं चर्च. लोंगेना या वास्तुविशारदाने त्यात आयुष्य घातलं, १६८७ मध्ये ते पुरं झालं तेव्हा तो हयात नव्हता. दर वर्षी या दिवसासाठी ग्रँड कॅनालवर तात्पुरता पूल उभारतात आणि सगळं गाव त्यावरून मेणबत्ती लावायला जातं. आजोबांचा हात धरलेली नातवंडं, बाबागाडीतली बाळं, दुकान बंद करून आलेले लोक. आईला भाषेचा एक शब्द कळत नव्हता, पण रांगेत ती म्हणाली, "अगं, हे तर नवस फेडणं." तिनेही एक मेणबत्ती लावली. कुणासाठी ते मी विचारलं नाही. मे महिन्यात तुम्हाला हे गावकरी दिसणारच नाहीत. मूळ जुन्या शहरात राहणारे आता पन्नास हजारांहूनही कमी उरलेत आणि पर्यटकांच्या लोंढ्यात ते हरवून जातात.

त्या दिवशी कास्त्रादीना नावाचं मटण-कोबीचं सूप करतात. शाकाहारी असाल तर पोलेंता (मक्याच्या पिठाचं शिजवलेलं) आणि थंडीतला रादिक्किओ (लालसर पाला) मागा, तो किंचित कडू आणि फार छान लागतो.

दिवस लहान असतो, साडेचारला सूर्य मावळतो, म्हणून बाहेरचं सगळं सकाळी उरका. दुपारी स्कुओला ग्रांदे दि सान रोक्को, एका जुन्या धार्मिक मंडळाची चित्रांनी भरलेली इमारत. तिंतोरेत्तो या चित्रकाराचं १५६५ मधलं, बारा मीटर रुंदीचं, ख्रिस्ताला क्रुसावर चढवल्याचं चित्र तिथे आहे. आम्ही दोघी त्यासमोर अर्धा तास बसून होतो, मध्ये कुणी आलं नाही.

सामान कमी न्या, जवळजवळ प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत. आणि खोली मेस्त्रेला, म्हणजे खाडीपलीकडच्या जमिनीवरच्या भागात, स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, बेटावरच राहा. रात्री नऊनंतर धुकं उतरतं, गल्लीत फक्त आपल्याच पावलांचा आवाज येतो, आणि लांबून एखाद्या बोटीचा.