फुलपाखरू सोडून दुसरं काहीतरी काढायचंय

प्रश्न : ताई, पंधरा वर्षांची नोकरी सोडली, मग मोठं आजारपण झालं, आता कुठे माणसात आल्यासारखं वाटतंय. हे सगळं चित्रात यावं म्हणून ॲक्रिलिक रंग घेऊन बसते, सगळे म्हणतात 'आतून येईल ते काढ', पण निघतं फुलपाखरू नाहीतर राखेतून उडणारा पक्षी, अगदी ग्रीटिंग कार्ड! ते टाळून नुसते रंग फिरवले तर दहा मिनिटांत सगळा तपकिरी चिखल. माझ्यात ते इंट्यूशन वगैरे नाहीच का?

उत्तर : अगं, चिखलाचा आणि तुझ्या मनाचा काही संबंध नाही. लाल-हिरवा, निळा-नारिंगी, जांभळा-पिवळा अशा जोड्या ओल्या असतानाच एकमेकांत गेल्या की तपकिरी होणारच, कोणाच्याही हातून. ॲक्रिलिकचा पातळ थर पटकन वाळतो, तेवढा धीर धर, आणि एका बैठकीत रंगचक्रावर शेजारी-शेजारी असलेले दोन रंग नि पांढरा, बास.

फुलपाखराचं दुखणं वेगळं आहे. 'बदल' हा विषय ठरवून बसलीस की डोकं आधी पळतं आणि आजवर पाहिलेली शंभर चित्रं हातात आणून देतं. म्हणून विषय घेऊन बसूच नकोस. ती ग्रीटिंग कार्डासारखी चित्रं फेकली नाहीस ना? त्यातलंच एक घे, वरची बाजू खाली कर, त्यावर पांढऱ्याचा पातळ हात मार, कुठे कुठे खालचं दिसू दे, आणि मग जे दिसतंय त्याला उत्तर देत जा. रवींद्रनाथांनी कवितांच्या वहीतली खाडाखोड अशीच वाया जाऊ दिली नाही, खोडलेले शब्द रेघांनी जोडत गेले आणि त्यातून चित्रविचित्र प्राणी उभे राहिले, साठी उलटल्यावर! 1930 मध्ये पॅरिसला प्रदर्शनही झालं. फ्रेंच चित्रकार मातीसचं 1941 मध्ये मोठं ऑपरेशन झालं, पुढे ईझलसमोर (चित्राच्या स्टँडसमोर) उभं राहणं जड जायला लागलं तेव्हा त्याने रंगवलेले कागद घेतले आणि कात्रीने कापायला लागला. बदलाचं चित्र काढायला दोघंही बसले नव्हते.

माझ्याकडे एक बोर्ड आहे, चार वेळा झाकलेला. पाचवा निळा थर अर्धवट ओला असताना वैतागून जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडला, तर खालून पहिल्या दिवसाचा पिवळा वर आला, बोटभर रुंद, कडा फाटक्या. तो ठरवून मला जन्मात जमला नसता. (खाली ऑइल पेस्टल, म्हणजे तेलकट खडू, असेल तर मात्र वरचा ॲक्रिलिक धरत नाही, पापुद्रे सुटतात, हे मी एक अख्खं चित्र घालवून शिकलेय.)

आणि चित्राला बसलं की दरवेळी रडूच येत असेल, झोप उडत असेल, तर एखाद्या समुपदेशकाशी बोल, सगळं रंगांवर टाकू नकोस.

प्रश्न : आणि चित्र संपलं कसं कळतं? घरच्यांना दाखवू का?

उत्तर : तू ठिपके, बॉर्डर, चमकी असलं सजवायला लागलीस की समज ते मगाशीच संपलंय, ब्रश धू. दाखवायची घाई नको, कोणीतरी 'हे काय आहे?' विचारणार, तू समजावणार, आणि पुढचं चित्र त्या समजावण्याचंच होणार. पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून ठेव. मागे पेन्सिलने तारीख टाक, चित्राला नाव मात्र इतक्यात नको.