अलिबागहून एका दिवसात मुंबईची आर्ट गॅलरी आणि म्युझियम बघून होतात का?

तुम्ही विचारलंय की अलिबागजवळ राहतो, नवराबायको दोघांनाही चित्रांतलं फारसं कळत नाही, पण मुलगी आठवीत आहे आणि यंदा चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसणार आहे. तिला घेऊन मुंबईची म्युझियम, आर्ट गॅलरी बघून रात्री घरी परतता येईल का, आणि नेमकं काय बघावं?

परतता येतं. आम्ही चोंढीची माणसं जमेल तेव्हा हेच करतो. अट एकच: गेटवेपासून पायी जाता येईल तेवढीच मुंबई धरायची. टॅक्सी करून वरळी, बांद्रा गाठायला निघालात की चित्रं राहतात बाजूला आणि सिग्नल बघून घरी येता.

मांडव्याहून सकाळची लवकरची बोट धरा. तिकिटात अलिबाग-मांडवा बस धरलेली असते. कॅटमरानने साधारण तासाभरात गेटवे. परतीची शेवटची बोट किती वाजता आहे ते उतरल्या उतरल्या धक्क्यावर विचारून ठेवा. ऋतूप्रमाणे वेळ बदलते, आणि त्या दिवसाची मालकीण तीच. शनिवार-रविवारी संध्याकाळी रांग लागते, म्हणून शेवटच्याच्या आधीची बोट डोक्यात ठेवलेली बरी.

गेटवेवरून रीगल सिनेमाच्या चौकात यायचं. तिथून तुम्हाला हवं ते सगळं दहा मिनिटांच्या आत आहे. आधी छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, म्हणजे जुनं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. सव्वादहाला उघडतं. ज्या जॉर्ज विटेटने गेटवेचा आराखडा केला त्यानेच हीही इमारत आखली, हे मुलीला आत शिरण्याआधी सांगा आणि दोन्हींत सारखं काय दिसतं ते तिलाच शोधू द्या. दगड कुर्ल्याचा काळा आणि मालाडचा पिवळसर, घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या वळणाचा, आणि आतली लाकडी कमानींची महिरप नाशिकच्या एका वाड्यातून आणून बसवलेली. पहिल्या महायुद्धात इथे लष्करी इस्पितळ होतं, म्युझियम म्हणून लोकांना ती खुली झाली 1922 साली.

हे म्युझियम पूर्ण बघायचा हट्ट मात्र धरू नका. तळमजल्यावरची शिल्पं आणि वरची लघुचित्रं, बस. भुसा भरलेले प्राणी, चिनी मातीची भांडी, हत्यारं पुढच्या खेपेला. लघुचित्रं तळहाताएवढी, वहीच्या पानाएवढी असतात आणि लोक त्यांच्यासमोरून चालत चालत जातात. तुम्ही एकाच चित्रापुढे पाच मिनिटं उभे राहा. झाडाचं एकेक पान वेगळं रंगवलंय, रात्र दाखवायची म्हणून सगळं काळं केलेलं नाही, गच्चीवरची माणसं आणि खालचा दरवाजा एकाच वेळी समोरून दिसतात. हे बघायला शास्त्र शिकावं लागत नाही. "आम्हाला कळत नाही" म्हणणाऱ्या माणसाला कालवणात मीठ कमी पडलंय हे बरोबर कळतं, तसंच आहे हे.

आता जहांगीर आर्ट गॅलरी. ती त्याच आवाराला लागून आहे. माझ्या मते तुमच्या मुलीसाठी सगळ्यात मोलाची जागा हीच. सर कावसजी जहांगीर यांनी मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ती 1952 साली उभी राहिली. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, आत जायला पैसे नाहीत. म्युझियममधले चित्रकार कधीच गेले. इथे चित्रकार चित्राशेजारी खुर्ची टाकून बसलेला असतो. इथली तारीख मिळायला त्याने वर्षानुवर्षं वाट बघितलेली असते, आणि आठवडाभरातच प्रदर्शन उतरवून दुसऱ्याला भिंत द्यायची असते. त्यामुळे कोणी विचारलं तर तो मनापासून बोलतो. सांगली, कोल्हापूर, आपलं कोकण, कुठकुठचे असतात, आणि मराठीत छान गप्पा होतात. मुलीला पुढे करा. "हा निळा कसा आणलात?" "आधी कागदावर काढलं होतं का?" असं तिने विचारलं की मोठी माणसंही खुलतात. फ्रेमखाली लाल टिकली चिकटवलेली दिसली तर ते चित्र विकलं गेलंय. किमतीची यादी टेबलावर असते, ती वाचून दचकू नका. निघताना अभिप्रायाच्या वहीत दोन ओळी मुलीलाच लिहायला लावा.

आठवडा चांगला-वाईट असतो हेही सांगून ठेवतो. कधी चारही भिंतींवर गणपती आणि घोडे, घोडे आणि गणपती. तेव्हा सरळ बाहेर यायचं. बाहेर फुटपाथवर चित्रं मांडून बसलेले, समोर बसवून पेन्सिलीने चेहरा काढून देणारे चित्रकार असतात. माणूस डोळ्यांपासून सुरुवात करतो की कपाळापासून, हे त्यांच्या मागे उभं राहून बघण्यासारखं आहे.

चौकाच्या दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे एनजीएमए. जुन्या कावसजी जहांगीर हॉलच्या पोटात अर्धगोल मजले चढवून 1996 साली सुरू केलेलं. सोमवारी बंद. वेळ उरला तरच जा. कुलाबा-फोर्टातल्या खासगी गॅलऱ्याही फुकट असतात, पण त्यांतल्या बहुतेक रविवारी बंद, आणि पायातलं बळ तोवर संपलेलं असतं. जेवणाचं फार आखू नका. फोर्टात सीएसएमटीच्या बाजूला चालत गेलात तर पंचम पुरीवाला आहे, नाहीतर घरून चपाती-भाजी आणा.

मुलगी एलिमेंटरीला बसणार म्हणजे तिला स्मरणचित्र आहेच. वही आणि पेन्सिल पिशवीत असू द्या. दालनात चित्र काढायला चालतं का ते दारावर विचारा. नाही चाललं तर परतीच्या बोटीत, दिवसभरात जे डोळ्यांत राहिलं ते एकच काढायला सांगा. मोबाईलवरचे फोटो त्या वेळी दाखवायचे नाहीत.

पावसाळ्यात या बोटी बंद असतात. तेव्हा गाड्या नेणारी रो-रो बोट, तीही हवा बघून, आणि ती उतरवते भाऊच्या धक्क्याला. मग काळा घोडा, म्हणजे म्युझियम आणि जहांगीरचा हा परिसर, सोडा आणि जवळच भायखळ्याच्या राणीबागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय करा. तेवढ्यापुरती टॅक्सी माफ. 1872 सालची इमारत, आतलं नक्षीकाम डागडुजीनंतर पुन्हा झळाळलेलं, आणि मातीच्या छोट्या बाहुल्यांतून उभी केलेली जुनी मुंबईची माणसं आणि त्यांचे धंदे. बुधवारी बंद. आवारात एक दगडी हत्ती आहे, तो मूळचा घारापुरीचा. 1864 साली तो इंग्लंडला न्यायला काढला, पण उचलताना क्रेन मोडली आणि त्याचे तुकडे झाले. ते पुढे जोडून तो इथे उभा केला. काळ्या घोड्याचा मूळ पुतळाही 1965 पासून राणीबागेतच आहे. जहांगीरजवळ आता दिसतो तो बिनस्वाराचा घोडा 2017 सालचा.

आणि मुंबईच्या आधी एक काम करा. मांडव्याजवळच सासवण्याला शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं घर आहे. तिथे त्यांची शिल्पं मांडलेली आहेत. 1891 साली याच गावात जन्मलेला मुलगा. त्याने देवळाच्या भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र इंग्रज कलेक्टरने पाहिलं आणि त्याला मुंबईला जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडलं. पुण्यातला 1928 सालचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. आपल्या रोजच्या रस्त्यावरचं ठिकाण, पण अलिबागेत विचारा, निम्म्या लोकांनी पाहिलेलं नसेल. मुंबईच्या आदल्या रविवारी दुपारी जाऊन या. तिथे गर्दी नसते, त्यामुळे पुतळ्याभोवती फिरून तो मागून कसा दिसतो तेही निवांत बघता येतं. जाण्याआधी उघडं आहे ना याची गावात चौकशी करा.