लेकीला घेऊन अथेन्सला जाताय? मग व्राव्रोना चुकवू नका

आठ वर्षांची लेक बरोबर आहे, अक्रोपोलिस (जुन्या देवळांची टेकडी) बघून झाल्यावर अर्धा दिवस हाताशी राहतो, तेवढ्यात एखादं छोटं संग्रहालय बघण्यासारखं आहे का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते व्राव्रोनालाच जा. अथेन्सच्या पूर्वेला, समुद्राजवळ, आर्टेमिस या प्राचीन ग्रीक देवीचं हे जुनं ठाणं. संग्रहालय तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे.

लेक आहे म्हणून तर जाच. इथे साधारण पाच ते दहा वर्षांच्या मुली देवीच्या सेवेला असत. त्यांना ‘आर्क्टोई’ म्हणत, म्हणजे अस्वलं. कथा अशी की देवीच्या माणसाळलेल्या अस्वलाने एका मुलीला ओरबाडलं, भावांनी त्याला मारलं, देवी कोपली आणि रोगराई आली. तेव्हापासून मुलींनी लग्नाआधी ‘अस्वल’ होऊन देवीची सेवा करायची असं ठरलं.

ऊन असलं तरी आधी संग्रहालय बघा, मग अवशेष. देवळाचा नुसता पाया उरलाय, तो एकदम बघितला तर मुलांना काहीच कळत नाही. आत मात्र इ.स.पू. चौथ्या शतकातले लहान मुलींचे संगमरवरी पुतळे आहेत. एकीने अंगावरच्या वस्त्राचा ओचा करून त्यात ससा धरलाय. गाल गुबगुबीत, ओठांवर हसू. माझी भाची तिच्यासमोरून हलेचना. पवित्र झऱ्याच्या चिखलात हवा न लागल्याने टिकलेल्या लाकडी वस्तूही नीट बघा. ग्रीसमध्ये इतकं जुनं लाकूड सहसा हाती लागत नाही. पुरातत्त्वज्ञ पापादिमित्रिऊ यांनी 1948 पासून इथे उत्खनन केलं, त्यात हे सगळं मिळालं.

मग बाहेर या. स्तंभांच्या ओवरीमागे जेवणाच्या खोल्या आहेत. जमिनीत, ज्यांवर आडवं होऊन जेवत त्या मंचकांच्या पायांसाठी केलेल्या खाचा लेकीला शोधू द्या. जवळच इ.स.पू. पाचव्या शतकातला दगडी पूल आहे, कमान नसलेला, सपाट फरशांचा.

सुखरूप बाळंत झालेल्या बायका इथे देवीला वस्त्रं वाहत. प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या नाटकात बाळंतपणात गेलेल्यांची वस्त्रं इफिजेनियाला, म्हणजे आर्टेमिसच्या पुजारिणीला, वाहतात. त्यातलं कापड आज उरलेलं नाही, पण वाहिलेल्या वस्त्रांच्या दगडावर कोरलेल्या याद्या अक्रोपोलिसवर सापडल्या. तिथे प्रवेशद्वारातून आत गेल्यावर उजव्या हाताला याच देवीची जागा होती, तिथे थोडं थांबा.

वेळा ऋतूनुसार बदलतात, आदल्या दिवशी बघून घ्या. बसने आर्तेमिदा गावापर्यंत जाऊन पुढे टॅक्सी करा. जागा पाणथळ आहे, डासांचं मलम बरोबर असू द्या.