बुफेत वाढपीही आपणच

तुमच्या प्रश्नावर आधी आलेली दोन उत्तरं वाचली. एक म्हणतंय "पोट बिघडलंय सांगा आणि जाऊच नका", दुसरं म्हणतंय "चीट डे समजा, दाबून खा". पाच महिने नेटाने ७ किलो उतरवलेल्या माणसाला यातला एकही सल्ला कामाचा नाही. तुमची अडचण मला कळली ती अशी: शुक्रवारी रात्री ऑफिसच्या टीमचं जेवण आहे, टेबलातच शेगडी बसवलेल्या बार्बेक्यू बुफेत. तुम्ही शाकाहारी, पण अंडं चालतं. दिवसभर उपास करून जावं का, तिथे काय खावं, आणि "एक घे गं" म्हणणाऱ्यांचं काय करावं.

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. २०१८ च्या तपासणीत माझं एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा दाखवणारी चाचणी) ६.३ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. पुढच्या दोन वर्षांत १४ किलो कमी केले आणि तेव्हापासून दोन-तीन किलो इकडेतिकडे करत टिकवलेत. या काळात नवऱ्याच्या ऑफिसची, मुलीच्या मैत्रिणींची, सोसायटीच्या भिशीची मिळून तीसेक बुफे जेवणं झाली असतील. पहिल्या पाच-सहांत सपशेल आपटले. त्यामुळे लिहिण्यासारखं बरंच आहे.

उपास करू नका. मी नेमकं तेच केलं होतं. सकाळी चहा, दुपारी एक सफरचंद, आणि रात्री आठला हॉटेलात. जागेवर बसून पर्स टेकवते न टेकवते तोच समोर तळलेले मसाला बटाटे आले, ते छोटे, वरून मेयोनीज ओतलेले. पहिले चार कधी गेले ते कळलंही नाही. मी ताटलीचा फोटो काढायची सवय लावली होती, म्हणून घरी येऊन हिशेब मांडला: सहा बटाटे, तळलेल्या मक्याची एक वाटी, पनीर टिक्क्याचे चार तुकडे, एक गोड मॉकटेल. ढोबळमानाने हजार कॅलरी, आणि मुख्य जेवण अजून सुरूच व्हायचं होतं! दिवसभरात वाचवलेलं सगळं वीस मिनिटांत फिटलं.

तेव्हा शुक्रवारी नाश्ता आणि दुपारचं जेवण नेहमीचं करा, फार तर भात-पोळी निम्मी. निघायच्या तासभर आधी दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर मोडाची मटकी. पोटात थोडा आधार असला की हात सावकाश चालतो. (मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपासाचा विचारसुद्धा नको, साखर एकदम खाली जाऊ शकते. तुमचं तसं काही दिसत नाही, पण वाचणारे बरेच असतात म्हणून लिहिलं.) कोणीतरी डॉ. दीक्षितांच्या पद्धतीची, म्हणजे दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत जेवण्याची, आठवण काढली आहे. मला त्या पद्धतीबद्दल आदर आहे, पण ५५ मिनिटांत तिथले स्टार्टरही संपत नाहीत.

आता मूळ गोष्ट. बुफेत आपण का घसरतो याचा मी बराच विचार केलाय. पंगतीत वाढपी वेगळा आणि जेवणारा वेगळा असायचा. वाढपी आग्रह करणार, आपण पानावर आडवा हात धरून "पुरे" म्हणणार. बुफेत वाढपीही आपण, आग्रह करणारेही आपण, आणि "पुरे" म्हणणारा माणूस त्या गडबडीत कुठेतरी हरवतो. त्यात पंगतीच्या पानाला एक आखणी होती: डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मधे भात. किती खायचं ते त्या आखणीतच निम्मं ठरायचं. बुफेच्या ताटलीला डावंउजवं काही नाही. मंचुरियनच्या शेजारी ढोकळा, त्याच्या अंगावर पास्ता.

आणि चाखणं! "मी काय, थोडं थोडं चाखून बघते." एका बुफेत मी सतरा पदार्थ मोजले होते माझ्या ताटलीत, प्रत्येक एकेक चमचा. एकाही पदार्थाची चव आज आठवत नाही. पोट एका चवीला कंटाळतं आणि दुसरी चव आली की पुन्हा उघडतं. वरणभाताने गच्च झालेल्या माणसाला जिलबीला जागा सापडते ती यामुळेच. बार्बरा रोल्स या संशोधिकेने १९८० च्या दशकात यावर प्रयोग करून दाखवलंय की चवी बदलत्या ठेवल्या तर माणूस जास्त खातो. बुफे म्हणजे त्याच प्रयोगाचं दुकान.

म्हणून माझा नियम: गेल्या गेल्या रिकाम्या हाताने एक प्रदक्षिणा. अगदी गोडाच्या टेबलापर्यंत. झाकणं उघडून बघा, लाजू नका. त्यात जे घरी कधी होत नाही आणि मनापासून खावंसं वाटतं असे तीन पदार्थ ठरवा. तीनच. बाकी ताटली साध्या जेवणाने भरायची आणि उरलेल्या पंचवीस पदार्थांना नमस्कार करायचा. जिरा राईस, मिक्स व्हेज, गुलाबजाम हे तुम्हाला पुढच्या आठवड्यात कुठेही मिळणार आहे, त्यासाठी शुक्रवार खर्चू नका.

बुफेतल्या वागण्यावर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या ब्रायन वॉनसिंक यांचे शोधनिबंध एके काळी फार फिरायचे: लहान ताटली घ्या, काउंटरकडे पाठ करून बसा वगैरे. त्यांचे बरेच निबंध पुढे मागे घेतले गेले आणि २०१८ मध्ये त्यांनी राजीनामा जाहीर केला. तेव्हा "संशोधन सांगतं" असं मी म्हणणार नाही. पाठ करून मात्र मी बसतेच, कारण समोर चॉकलेटचं कारंजं दिसत असताना काकडी खाणं माझ्याच्याने होत नाही.

शेगडीच्या बुफेत खरी लढाई टेबलावरच असते. तिथे स्टार्टर मागावे लागत नाहीत, ते येतच राहतात. काही ठिकाणी टेबलावर छोटा झेंडा असतो. तो उभा असेपर्यंत सळया येत राहणार. दहा जणांच्या टेबलावर तो झेंडा तुमच्या हातात नसतो, पण तुमची ताटली असते. शेगडीच्या अगदी समोरची खुर्ची टाळा, टोकाची घ्या. सळीवरचं भाजलेलं घ्या: पनीर, मशरूम, सिमला मिरची, ब्रोकोली. वाडग्यातून येणारं तळलेलं (मका, बटाटे, स्प्रिंग रोल) पुढे सरकवा. शेगडीजवळ तेल-बटरची वाटी आणि ब्रश ठेवलेला असतो आणि टेबलावर एकजण तरी हौशी रंगारी असतोच, सगळ्यांच्या सळयांना हात मारत सुटतो. आपली सळी त्याच्यापासून वाचवा. एक चहाचा चमचा तेल म्हणजे साधारण ४५ कॅलरी. लिंबू पिळा, चाट मसाला भुरभुरा, तेवढं पुरतं.

पनीरबद्दल जरा सविस्तर, कारण शाकाहारी लोक "प्रोटीन आहे ना" म्हणून तिथेच फसतात. १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम प्रथिनं असतात आणि फॅट त्याहून थोडी जास्तच, एकूण पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी. टिक्क्याचे तीन-चार मोठे तुकडे म्हणजे तेवढं वजन झालं. तेवढे खा, मजेत खा, मग थांबा. पुढे मुख्य जेवणात पुन्हा पनीर बटर मसाला घ्यायचा नाही. तिथे राजमा, छोले किंवा साधी पिवळी डाळ बघा. काळी डाळ चविष्ट लागते ती लोणी आणि सायीमुळे. ती तुमच्या तिनातली एक असेल तर खुशाल घ्या, नसेल तर सोडा. रस्साभाजी वाढून घेताना डाव वरवर न फिरवता खाली घालून तिरका धरा, तवंग परत भांड्यात जाऊ द्या. नान नको, तंदुरी रोटी सांगा आणि "बटर न लावता" हे आधी सांगा. एकदा लावून आली की परत पाठवायला आपल्याला जड जातं. रोटी किंवा बिर्याणी, दोन्ही नाही.

सॅलडच्या टेबलावर निम्मे पदार्थ सॅलड नसतातच. मेयोनीजमध्ये बुडालेला बटाटा आणि अननस, क्रीममधला पास्ता, गोड सॉसमधली कोबी. काकडी, टोमॅटो, गाजर, मुळा, मोड आलेले मूग यांची अर्धी ताटली भरा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या हैदराबादच्या पोषण संस्थेने २०२४ साली जी आहारसूत्रं काढली, त्यातही निम्मं ताट भाज्या-फळांचंच आहे. आपल्या कोशिंबिरीला हे फार आधीपासून माहीत होतं, असो.

पेयं. इथे सगळ्यात स्वस्तात सुटका आहे आणि सगळ्यात जास्त लोक इथेच बुडतात. ३०० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये आठेक चमचे साखर असते. त्याच आहारसूत्रांनी दिवसाची वरची साखर २५ ग्रॅमवर धरली आहे, म्हणजे सहा चमच्यांच्या आसपास. एका ग्लासात दिवस संपला. ताक असेल तर ताक, नाहीतर खारा फ्रेश लाइम सोडा. सूप घ्यायचं तर पातळ, क्रीमचं नको.

गोडाला नाही म्हणू नका. मी दोन वर्षं "गोड बंद" म्हणत होते आणि प्रत्येक बुफेनंतर घरी येऊन गूळ-शेंगदाणे खायचे. आता एक ठरवते. गरम मुगाचा हलवा असला तर लहान वाटीत दोन चमचे, बसून, सावकाश. कुल्फीची एक फोड. ते चौकोनी पेस्ट्रीचे तुकडे दिसायला इवलेसे असतात म्हणून पाच-सहा उचलले जातात. चवीला ते सगळे सारखेच असतात, माझ्यावर विश्वास ठेवा.

यात आड येणारे दोन संस्कार आहेत. पहिला, "पानात टाकायचं नाही". माझ्या आईने ताटात चार शितं राहिली तरी उठू दिलं नाही. संस्कार चांगलाच आहे, पण बुफेत तो आपल्याच अंगावर येतो, कारण वाढून घेताना हात सढळ आणि संपवताना जबाबदारी आपली. उपाय वाढतानाच आहे: नवा पदार्थ एक चमचाच घ्यायचा, आवडला तर परत उठायचं. उठायचा कंटाळा हा तिथला आपला सगळ्यात मोठा मित्र.

दुसरा, पैसे वसूल. तुमच्याकडे तर कंपनी देणार, म्हणजे फुकट ते पौष्टिक! पण पैसे दारातच गेले. तुम्ही दोन टिक्के खाल्ले काय नि वीस काय, बिल तेच येणार. आमचे हे पूर्वी कोळंबी मोजून खायचे, "एवढ्यात फिटले बघ" म्हणत. रात्री अँटासिड शोधत फिरायचे, त्याचा खर्च मात्र त्या हिशेबात कधी आला नाही.

आग्रहाचं सांगते. "मी डाएटवर आहे" हे वाक्य टेबलावर उच्चारू नका. ते उच्चारलं की तुमची ताटली सार्वजनिक मालमत्ता होते. प्रत्येकाला मत असतं, कोणाची तरी मावसबहीण कीटो करून आजारी पडलेली असते. त्याऐवजी ताटलीत कायम काहीतरी असू द्या. रिकामी ताटली दिसली की लोक वाढतात, भरलेलीकडे कोणी बघत नाही. कोणी फारच मागे लागलं तर "हो, हे संपवून घेते". नंतर कोणीही तपासायला येत नाही. वेटरला नुसती मान हलवून भागत नाही, हात आडवा धरा. पंगतीतला तो हात इथेही चालतो.

आता शनिवार. सकाळी काट्यावर उभ्या राहू नका. राहिलातच तर एक-दीड किलो जास्त दिसेल आणि तुम्ही घाबरून पुन्हा उपास सुरू कराल. ती चरबी नसते. हॉटेलच्या जेवणात मीठ भरपूर, ते पाणी धरून ठेवतं. शिवाय जास्तीच्या पिष्टाचा जो साठा शरीर करतं, तो प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी सोबत घेऊन बसतो. एक किलो चरबी चढायला साधारण ७,७०० कॅलरी जास्तीच्या लागतात, तेवढं एका जेवणात तुमच्याच्याने होणार नाही. शनिवारी नेहमीचा नाश्ता, नेहमीचं चालणं. वजन मंगळवारी करा.

राहता राहिला तो अननस. तिखट मसाला लावून सळीला लावतात, शेगडीवर कडा जरा करपल्या की आंबटगोड रस सुटतो. माझ्या तिनात तो नेहमी असतो. दोन फोडी घ्या, गरम असतानाच खा, आणि त्या रंगाऱ्याला ब्रश लावू देऊ नका.